टोला थांबल्यानंतरचा आवाज : ‘रिव्हर्बरेशन’ या शब्दाचा अर्थ आणि वापर

नव्या घराची किल्ली हाती आल्यावर, सामान येण्याच्या आधी, आपण त्या रिकाम्या खोल्यांतून फिरतो आणि आतल्या खोलीतून कोणाला तरी हाक मारतो. “आई, इकडे ये गं, ही खिडकी बघ,” एवढेच वाक्य असते, पण ते आपल्या तोंडचे वाटत नाही. ते मोठे होते, पसरते, शेवटचे अक्षर उच्चारून झाल्यावरही क्षणभर खोलीत रेंगाळते आणि मग विरते. पुढच्या आठवड्यात गाद्या येतात, पडदे लागतात, कपाटांत कपडे आणि फळ्यांवर पुस्तके बसतात, आणि तो आवाज निघून जातो. तो नेमका कधी गेला, हे घरातल्या कोणालाही सांगता येत नाही.

रिकाम्या घरातल्या त्या आवाजाला इंग्रजीत ‘रिव्हर्बरेशन’ म्हणतात. आपण बोलताना मात्र “इथे किती इको येतो” असे म्हणून मोकळे होतो, आणि इंग्रजीतून मराठीत मजकूर आणणारे अनेकजण ‘इको’ आणि ‘रिव्हर्बरेशन’ या दोन्ही शब्दांपुढे ‘प्रतिध्वनी’ हा एकच शब्द ठेवतात. माझ्या मते यात दोन्ही भाषांचे नुकसान होते. इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ हरवतो, आणि मराठीकडे या अनुभवासाठी जे निराळे आणि अधिक चांगले शब्द आहेत ते वापराविना पडून राहतात. म्हणून आधी या शब्दामागची वस्तुस्थिती पाहू आणि मग त्याच्या वापराकडे वळू.

प्रतिध्वनी म्हणजे परत आलेला, वेगळा ओळखता येणारा आवाज. घाटात एखाद्या कड्यासमोर उभे राहून ‘ओ’ दिली की थोड्या वेळाने कड्याकडून ‘ओ’ येते. आपली ‘ओ’ संपलेली असते, मध्ये थोडी शांतता असते, आणि मग दुसरी ‘ओ’ ऐकू येते. शाळेत आपण शिकलो त्याप्रमाणे मूळ ध्वनी आणि परतलेला ध्वनी कानाला वेगळे ऐकू येण्यासाठी त्यांच्यात किमान ०.१ सेकंदाचे अंतर असावे लागते. २२ अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो, म्हणजे ०.१ सेकंदात ३४.४ मीटर. जाऊन परत यायचे असल्यामुळे अडथळा या अंतराच्या निम्म्यावर, म्हणजे १७.२ मीटरवर, किंवा त्याच्याही पलीकडे असला तरच प्रतिध्वनी ऐकू येतो. राहत्या घरातली खोली इतकी मोठी नसते. त्यामुळे शाळेतल्या या व्याख्येप्रमाणे रिकाम्या घरात ऐकू येतो तो प्रतिध्वनी असूच शकत नाही.

मग तिथे काय घडते? तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी एक साधी खोली घ्या. तिच्यातल्या ध्वनीला भिंत, छत किंवा फरशी गाठायला सरासरी दोन मीटरहून थोडे अधिक अंतर जावे लागते. याचा अर्थ असा की आपल्या तोंडून निघालेला ध्वनी दर सेकंदाला दीडशेहून अधिक वेळा कशाला ना कशाला धडकतो आणि परत फिरतो. पहिली परतफेड काही सहस्रांश सेकंदांत येते, तिच्या पाठोपाठ दुसरी आणि तिसरी येते, आणि लवकरच त्या इतक्या दाट होतात की एकीपासून दुसरी वेगळी काढणे कानाला शक्य राहत नाही. मूळ आवाज आणि या असंख्य परतफेडी मिळून एकच लांबलेला, हळूहळू क्षीण होत जाणारा आवाज ऐकू येतो. रिव्हर्बरेशन ते हेच. प्रतिध्वनी ही परत आलेली एक प्रत असते आणि ती मोजता येते. रिव्हर्बरेशन ही परतफेडींची गर्दी असते, तिच्यातल्या प्रती मोजता येत नाहीत, मात्र ती किती वेळ टिकली हे मोजता येते.

हा वेळ मोजण्याची रीत ज्याने घालून दिली, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयात एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले होते, पण तिथे दिलेले व्याख्यान कोणालाच नीट समजत नव्हते, कारण साध्या बोलण्यातला आवाजही रिकाम्या दालनात साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहत असे. १८९५ मध्ये हे दुखणे दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण अध्यापकाकडे आले. त्याच्याकडे आजच्यासारखी उपकरणे नव्हती. ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदण्याचे साधन आणि स्वतःचे कान, एवढ्यावर त्याने काम सुरू केले. दिवसा रहदारीचा आणि विद्यार्थ्यांचा आवाज असे, म्हणून तो रात्री बसे. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या मदतनिसांसह उचलून आणायच्या, दालनात काही गाद्या मांडून नळी वाजवायची, नळी बंद केल्यावर आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ टिपायचा, मग आणखी गाद्या मांडून पुन्हा वेळ टिपायचा, आणि सकाळ होण्याआधी सगळ्या गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या, असा त्याचा क्रम होता. अंगावरच्या कपड्यांनीही मोजमाप बदलते हे लक्षात आल्यावर तो दरवेळी तेच कपडे घालून प्रयोगाला बसू लागला.

या कष्टांतून हाती आलेला नियम अगदी साधा आहे. दालनाची पोकळी जितकी मोठी, तितका आवाज जास्त वेळ टिकतो, आणि आतल्या वस्तू जितका ध्वनी शोषतात, तितका तो लवकर विझतो. ध्वनी शोषण्याचे माप म्हणून सॅबिनने उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणजे तेवढ्या क्षेत्राने तो पूर्ण गिळला असे म्हणता येते. पुढे या विषयात एक संकेत ठरला. आवाजाची तीव्रता दशलक्षांशावर, म्हणजे दहा लाखांतल्या एका भागावर, उतरायला लागणारा वेळ तो त्या दालनाचा रिव्हर्बरेशनचा काळ. घनमीटरमधल्या पोकळीला ०.१६१ ने गुणायचे आणि चौरस मीटर उघड्या खिडकीच्या मापात मोजलेल्या एकूण शोषणाने भागायचे, की हा काळ सेकंदांत मिळतो.

हा हिशेब आपल्या रिकाम्या खोलीला लावून पाहू. तिची पोकळी ३६ घनमीटर आहे, आणि भिंती, छत व फरशी मिळून ६६ चौरस मीटर क्षेत्र होते. गुळगुळीत गिलावा किंवा फरशी दर धडकेला ध्वनीचे शंभरातले जेमतेम तीन भाग शोषते, म्हणून अख्ख्या खोलीचे शोषण जवळपास दोन चौरस मीटर उघड्या खिडकीइतके झाले. उत्तर येते २.९ सेकंद. साध्या बोलण्यात आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो, म्हणजे एक अक्षर पुरते विझायच्या आत त्याच्यावर पुढची बारा-चौदा अक्षरे येऊन पडतात. आता गाद्या, सोफा, पडदे, कपडे आणि माणसे यांनी शोषण दहा चौरस मीटरवर नेले, की तोच काळ ०.६ सेकंदाच्या खाली येतो. खोलीची मापे तीच राहिली, भिंती त्याच राहिल्या. घर ‘भरले’ असे आपण म्हणतो, त्यात हाही एक अर्थ दडलेला आहे.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद सांगायला हवा, कारण या शब्दाच्या वापरात सर्वाधिक घोटाळा त्यामुळेच होतो. देवळात शिरताना आपण घंटेचा टोला देतो आणि आवाज बराच वेळ राहतो. तो सगळा रिव्हर्बरेशनचा परिणाम आहे असे वाटू शकते, पण तसे नाही. घंटेचा धातू टोला बसल्यानंतरही स्वतः कंप पावत असतो, म्हणजे आवाजाचा उगम अजून चालूच असतो. हा फरक तपासण्याची एक सोपी रीत आहे. टोला द्या आणि लगेच दुसऱ्या हाताच्या पंजाने घंटेची कड घट्ट धरा. कंप थांबतो, हाताला तो थांबल्याचे कळते, आणि तरीही मंडपात काही क्षण जो आवाज राहतो तो मंडपाचा असतो, घंटेचा नसतो. मोकळ्या आवारातल्या घंटेवर हाच प्रयोग केला तर हात लावताच आवाज जवळपास तिथल्या तिथे संपतो. उगम गप्प झाल्यानंतर जागेने चालू ठेवलेला आवाज, अशी रिव्हर्बरेशनची ओळख मनात ठेवली तर चूक होत नाही.

‘रेझोनन्स’ हा तिसरा इंग्रजी शब्द याच गर्दीत मिसळला जातो. त्याला विज्ञानाच्या मराठीत अनुनाद म्हणतात आणि तो वेगळा प्रकार आहे. सतारीच्या मुख्य तारेवर एखादा स्वर छेडला की त्याच स्वराला मिळवलेली खालची तरफेची तार कोणी न छेडता थरथरू लागते, हा अनुनाद झाला. गोव्याच्या घुमट या वाद्याचा मातीचा घट चामड्यावर थाप पडताच आतल्या हवेसह बोलू लागतो, तोही अनुनादच. अनुनादात एक वस्तू आपल्या स्वभावाला जुळणारा ठरावीक स्वर उचलून धरते. रिव्हर्बरेशनमध्ये अशी निवड मुख्य नसते, जो आवाज येईल तो भिंती परत फेकतात. म्हणूनच इंग्रजीत एखादा विचार आपल्याला मनापासून पटला की तो ‘रेझोनेट’ झाला असे म्हणतात, ‘रिव्हर्बरेट’ झाला असे म्हणत नाहीत. पहिल्यात जुळणे आहे, दुसऱ्यात पसरणे आणि टिकणे आहे.

प्रत्यक्ष जागांकडे पाहिले की हे भेद अधिक स्पष्ट होतात. विजापूरच्या गोल घुमटात, जिथे १६५६ मध्ये निधन पावलेल्या महंमद आदिलशहाची कबर आहे, आतला घुमट सुमारे ३८ मीटर रुंद आहे. वरच्या सज्जात उभे राहून टाळी वाजवली की ती एकामागून एक अशी अनेकदा परत येते, आणि भिंतीला तोंड लावून कुजबुजलेले शब्द वक्र भिंतीच्या कडेकडेने जाऊन समोरच्या बाजूला कान लावून बसलेल्याला ऐकू येतात. वेगवेगळ्या मोजता येणाऱ्या त्या टाळ्यांना प्रतिध्वनीच म्हणायला हवे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याचे चैत्यगृह याहून निराळे आहे. ते सुमारे ३८ मीटर लांब असले तरी रुंदी आणि उंची साधारण १४ मीटर आहे, त्यामुळे मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून ०.०४ सेकंदाच्या आसपास परत येतो आणि मूळ आवाजात मिसळून जातो. त्यातच दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा आणि छताच्या कमानदार फासळ्या ध्वनीला अनेक दिशांनी विखुरतात. अशा दगडी दालनात एखाद्याने संथ लयीत वंदना म्हटली तर त्याचे शब्द दोनदा ऐकू येत नाहीत, त्याच्या एका आवाजाला अनेकांच्या आवाजाची घनता येते. संथ पठण आणि लांब सूर अशा जागेत खुलतात, आणि भरभर बोललेले मात्र कालवल्यासारखे होते.

हे कालवणे आपण सगळ्यांनी मंगल कार्यालयात अनुभवलेले आहे. वर सपाट स्लॅब, खाली चकचकीत फरशी, चारही बाजूंना रंगवलेल्या भिंती आणि काचा, धातूच्या खुर्च्या, पलीकडे पंगतीची ताटे आणि वाट्या, म्हणजे ध्वनी शोषणारे काहीच नाही. गुरुजी मंगलाष्टके म्हणत असतात, पण ‘शुभ मंगल सावधान’ तेवढे ओळखीचे म्हणून कळते आणि बाकीचे शब्द एकमेकांवर चढून गुरगुर होते. मग कोणीतरी ध्वनिक्षेपकवाल्याला आवाज वाढवायची खूण करतो. आवाज वाढतो, आणि ऐकू येणे होते तसेच राहते, किंबहुना बिघडते. कारण स्पष्ट आहे. दालनाचा रिव्हर्बरेशनचा काळ आवाजाच्या मोठेपणावर अवलंबून नसतो. बोलणे जितके मोठे करावे तितकीच भिंतींकडून येणारी परतफेडही मोठी होते आणि दोघांचे प्रमाण बदलत नाही. उपाय उलट्या दिशेने करावा लागतो. कर्ण्यांची संख्या वाढवून ते श्रोत्यांच्या जवळ आणि त्यांच्याकडे तोंड करून ठेवावेत, आवाज कमी ठेवावा, मागच्या भिंतीवर जाड कापडाचे पडदे सोडावेत, आणि बोलणाऱ्याने दोन शब्दांत थोडी जागा सोडावी. वर्गखोलीत हा काळ अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आसपास असावा आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या दालनात तो दोन सेकंदांच्या जवळ असावा, असा आज सर्वसाधारण निकष आहे. सॅबिनच्या नियमांचा आधार घेऊन बांधलेले आणि १९०० मध्ये उघडलेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल आजही उत्तम श्राव्यतेसाठी नावाजले जाते. आपल्याकडे सभागृह बांधताना वातानुकूलन आणि वाहनतळ यांचा विचार आवर्जून होतो, तेवढाच विचार ऐकू येण्याचाही व्हावा असे मला तळमळीने वाटते, कारण शेवटी माणसे तिथे ऐकण्यासाठी जमतात.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या बोलीत या लांब शब्दाचे ‘रिव्हर्ब’ झाले आहे. ध्वनिमुद्रणाची खोली मुद्दाम मऊ आच्छादनांनी मढवलेली असते, त्यामुळे तिथे नोंदलेला गळा अगदी ‘ड्राय’, म्हणजे कोरडा असतो. असा कोरडा आवाज कानाला परका वाटतो, कारण रोजच्या जगण्यात आपण कोणाचाही आवाज त्याच्या भोवतालच्या जागेशिवाय ऐकत नाही. म्हणून जागा नंतर मिसळली जाते. १९४७ मध्ये शिकागोत बिल पुटनम या ध्वनिमुद्रकाने स्टुडिओच्या स्नानगृहात कर्णा आणि मायक्रोफोन ठेवून आवाज फिरवून घेतला होता, तर १९५७ मध्ये जर्मनीतल्या ईएमटी या कंपनीने चौकटीत ताणून बसवलेल्या मोठ्या पोलादी पत्र्याच्या कंपनातून तोच परिणाम साधला. आता हे काम संगणकावर होते. मात्र तिथेही ‘इको’ आणि ‘रिव्हर्ब’ या दोन वेगळ्या कळा असतात. एकीने ओळीचा शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो, दुसरीने गाणारा माणूस मोठ्या दालनात उभा असल्यासारखा वाटतो. ज्यांना या दोन शब्दांतला फरक व्याख्येने पटत नाही, त्यांनी एकदा या दोन कळा आलटूनपालटून दाबून पाहाव्यात.

शब्दाच्या जन्माकडे वळले की त्याचा स्वभाव आणखी उलगडतो. लॅटिनमध्ये ‘व्हर्बर’ म्हणजे चाबूक किंवा छडी, आणि ‘रे’ म्हणजे मागे. म्हणून ‘रेव्हर्बरारे’ म्हणजे फटका मारून मागे परतवणे. मुळात या शब्दात ध्वनी नाहीच, आहे तो फटका. म्हणूनच इंग्रजीत हा शब्द उष्णतेसाठी आणि प्रकाशासाठीही वापरला गेला. धातुकामातली ‘रिव्हर्बरेटरी’ भट्टी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिच्यात इंधन एका कप्प्यात जळते, धातू दुसऱ्या कप्प्यात असतो, आणि ज्वाळांची धग वरच्या कमानदार छतावरून खाली परतवली जाऊन धातूवर पडते. हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये घडीव लोखंडासाठी जी पद्धत नोंदवली, ती अशाच भट्टीवर आधारलेली होती. तिथे घुमण्याचा काही संबंध नाही, फक्त छताने धग मागे फेकणे आहे. जुन्या इंग्रजी मजकुरात हा शब्द उन्हाच्या किंवा आगीच्या संदर्भात आला तर गोंधळू नये.

इंग्रजीत हा शब्द वाक्यात दोन प्रकारे बसतो. आवाज कर्ता असेल तर तो जागेतून घुमतो : ‘हर व्हॉइस रिव्हर्बरेटेड थ्रू द हॉल’, म्हणजे तिचा आवाज दालनभर घुमला. जागा कर्ता असेल तर ती आवाजाने घुमते : ‘द हॉल रिव्हर्बरेटेड विथ अप्लॉज’, म्हणजे टाळ्यांच्या गजराने दालन दुमदुमले. मराठी क्रियापदे इथे किती अचूक बसतात ते पाहा. ‘घुमणे’ हे मुख्यतः आवाजाकडून बोलते आणि ‘दुमदुमणे’ हे जागेकडून. विठ्ठलनामाच्या गजराने पंढरी दुमदुमते, आणि मृदंगाचा आवाज मंडपात घुमतो. शब्दकोशातला नामाचा अर्थ जसाच्या तसा उचलून “दालनात टाळ्यांचे प्रतिध्वनी निर्माण झाले” असे लिहिण्यापेक्षा क्रियापदाने सांगणे केव्हाही चांगले. शास्त्रीय लिखाणात नामाची गरज असतेच. तिथे शालेय विज्ञानात रुळलेला ‘निनाद’ हा शब्द वापरावा, म्हणजे ‘निनादाचा काळ’ असे सरळ म्हणता येते.

लाक्षणिक वापर हा या शब्दाचा दुसरा मोठा प्रांत आहे, आणि तिथे तो बहुधा अनेकवचनात येतो. एखादी घटना घडून गेली, तिचा उगम शांत झाला, तरी तिचे परिणाम निरनिराळ्या ठिकाणांवरून परतत राहिले, तर त्यांना ‘रिव्हर्बरेशन्स’ म्हणतात. एक उदाहरण घेतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र संपताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे गेली. जमीन हलणे थोड्याच सेकंदांचे होते. त्यानंतरच्या दिवसांत बसलेले लहान धक्के हे ‘आफ्टरशॉक’, ते भूगर्भातले आणि शब्दशः. पण दगडामातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छत यांची लोकांनी घेतलेली धास्ती, त्यामुळे पत्र्याखाली काढलेली वर्षे, नव्या जागी वसवली गेलेली पन्नासहून अधिक गावे, आणि भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक मानलेला ‘पहिला विभाग’ २००२ च्या सुधारित मानकात देशाच्या नकाशावरूनच काढून टाकला जाणे, या सगळ्यांना इंग्रजीत ‘रिव्हर्बरेशन्स’ म्हणता येईल. घरे, गावे आणि सरकारी नकाशे या वेगवेगळ्या भिंतींवरून एकच धक्का परत येत राहिला, आणि प्रत्येक परतफेडीचा वेळ वेगळा होता.

याच जागी ‘रिपर्कशन्स’ हा शब्दही इंग्रजीत येतो, पण त्याची छटा वेगळी आहे. ‘पर्कशन’ म्हणजे आघात, तालवाद्यांनाही तोच शब्द आहे. ‘रिपर्कशन्स’ मध्ये बहुधा अप्रिय, भोगावे लागणारे परिणाम अभिप्रेत असतात, म्हणून ‘या निर्णयाचे परिणाम भोगावे लागतील’ हे त्याचे योग्य मराठी. ‘रिव्हर्बरेशन्स’ मध्ये चांगलेवाईट ठरलेले नसते. एखाद्या समाजसुधारकाच्या कामाचीही ‘रिव्हर्बरेशन्स’ असू शकतात आणि एखाद्या युद्धाचीही.

लाक्षणिक अर्थासाठी मराठीत ‘पडसाद’ हा शब्द आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. संस्कृत ‘शब्द’ प्राकृतात ‘सद्द’ झाला आणि मराठीत ‘साद’. ‘प्रति’चे ‘पडि’ आणि मग ‘पड’ झाले, जसे प्रतिपदेचा पाडवा झाला आणि प्रतिच्छायेची पडछाया झाली. म्हणजे पडसाद हा प्रतिशब्दच, सादेला आलेली साद. वर्तमानपत्री मराठीत मात्र तो एका ठरीव वाक्यात अडकला आहे : “या घटनेचे तीव्र पडसाद विधानसभेत उमटले.” उमटणे हे ठशाचे आणि पावलाचे क्रियापद आहे. ठसा एकदाच उमटतो आणि तिथेच राहतो, त्यामुळे या वाक्यात दुसऱ्या दिवशीची एक प्रतिक्रिया एवढाच अर्थ येतो. रिव्हर्बरेशनमधले लांबणे आणि विरणे हवे असेल तर ‘पडसाद उमटत राहिले’, ‘पडसाद अजून विरलेले नाहीत’, ‘पडसाद आजही ऐकू येतात’ असे लिहावे लागते. शब्द बदलण्याची गरज नाही, क्रियापदाला वेळ द्यावा लागतो.

आणखी एक शब्द आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात काव्यातल्या व्यंग्यार्थाचा, म्हणजे थेट न सांगता सुचवलेल्या अर्थाचा, विचार मांडला. वाच्यार्थ कळून झाल्यावर, क्रमाने, थोड्या अवधीने जो दुसरा अर्थ जाणवतो, त्याला या परंपरेत ‘अनुरणन’रूप म्हटले आहे, म्हणजे घंटेचा टोला पडून गेल्यावर मागे राहणाऱ्या नादासारखा. ‘रणन’ म्हणजे वाजणे, ‘अनु’ म्हणजे मागोमाग. हिंदीतल्या विज्ञानाच्या पुस्तकांनी हाच शब्द रिव्हर्बरेशनसाठी घेतला आहे. मराठीत तो साहित्यचर्चेत अधिक शोभतो. एखाद्या कवितेबद्दल इंग्रजीत ‘इट्स लास्ट लाइन रिव्हर्बरेट्स’ असे लिहिलेले असेल, तर तिथे पडसाद बातमीसारखा वाटेल आणि प्रतिध्वनी चुकीचा ठरेल. ‘शेवटच्या ओळीचे अनुरणन बराच वेळ चालू राहते’ किंवा, बोलण्याच्या जवळ राहायचे असेल तर, ‘शेवटची ओळ मनात घुमत राहते’, असे लिहावे.

म्हणून इंग्रजी मजकुरात हा शब्द आला की मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. उगम थांबला आहे का? आणि परत येणारे एक आहे की अनेक, एकमेकांत मिसळलेले? उगम चालूच असेल तर तो घंटेचा, तंबोऱ्याचा किंवा माणसाचा स्वतःचा नाद आहे. परत येणारे एकच आणि वेगळे असेल तर प्रतिध्वनी. उगम गप्प असेल आणि परतफेडी मिसळलेल्या असतील, तर वाक्य कशाबद्दल आहे ते पाहून निनाद, घुमणे, दुमदुमणे, पडसाद किंवा अनुरणन यांतला एक शब्द निवडावा लागतो. शंका उरली, तर जवळच्या देवळात जाऊन टोला द्यावा, घंटेची कड पंजात धरावी आणि हाताखालचा धातू निश्चल झाल्यावर मंडपात काय उरले आहे ते ऐकावे.